कुंकू लागलेली फ्लॉपी

यज्ञेश्वर खांबेटे सभेला गेले तर मागच्या रांगेत बसत, पंगतीत कडेचं पान घेत आणि फोटोत कुणाच्या तरी खांद्याआड सापडत. कुणी नाव विचारलं तर नुसतं आडनाव सांगत, तेही इतक्या हळू, की समोरच्याने पुन्हा विचारावं. खडकीच्या कारखान्यात ते ड्रॉइंग ऑफिसात आरेखक होते. सकाळी बिबवेवाडीतून स्कूटर काढायची, अख्खं शहर ओलांडून खडकी गाठायची, दिवसभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या रेषा सरळ ओढायच्या आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत यायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती.

अशा माणसाने एक दिवस घरी कॉम्प्युटर आणला. बाजार खुला झाल्याच्या बातम्या तेव्हा रोज पेपरात येत. बंडगार्डनकडच्या एका कचेरीने नवी यंत्रं मागवली आणि जुनी काढून टाकली. त्यातलं एक खांबेट्यांनी मित्राच्या ओळखीने मिळवलं आणि रिक्षात मांडीवर धरून आणलं.

"काय खांबेटे, दुसरा टीव्ही?" खालच्या मजल्यावरच्या रावसाहेबांनी जिन्यातच विचारलं.

"नाही, कॉम्प्युटर आहे."

"हो का! म्हणजे आता सगळी बिबवेवाडी तुम्हीच चालवणार म्हणा."

खांबेटे कसनुसं हसले आणि पुढचे जिने न थांबता चढले. त्यांच्या पत्नी वासंतीबाई शाळेत भूगोल शिकवत. त्यांनी शिवणयंत्राचं टेबल रिकामं करून दिलं आणि एवढंच विचारलं, "अहो, याचं करायचं काय?"

"बघू," खांबेटे म्हणाले. खरोखरच त्यांना माहीत नव्हतं.

आजच्या मुलांना फ्लॉपी म्हणजे काय ते सांगावं लागतं. पापडाएवढी काळी चौकोनी घडी, तिच्या आत तपकिरी फिल्मची पातळ चकती. घडीला एका बाजूला लांबट खिडकी असायची आणि तिच्यातून यंत्र ती चकती वाचायचं. या खिडकीतल्या फिल्मला बोट लावायचं नाही, हा पहिला नियम. खांबेट्यांच्या यंत्रात दुसरी कसलीच साठवण नव्हती. जे काही लिहाल ते फ्लॉपीत, आणि फ्लॉपी गेली की तेही गेलं.

पुण्याच्या पावसाळ्यात फ्लॉप्यांना बुरशी धरायची. भिंतीतल्या कपाटात ठेवलेली फ्लॉपी श्रावणात काढावी तर चकतीवर पांढरे ठिपके. यंत्र दोनचार वेळा प्रयत्न करायचं आणि हात वर करायचं. लोक हळहळून ती फेकून द्यायचे. खांबेट्यांना वाटलं, यंत्राला धीर कमी आहे. आपल्याकडे दुसरं काही नसलं तरी धीर आहे. पुस्तकं आणून ते प्रोग्रॅम लिहायला शिकले आणि त्यांनी एक प्रोग्रॅम तयार केला. तो यंत्राला त्याच जागेवर पुन्हापुन्हा पाठवायचा, कधी अलीकडून, कधी पलीकडून, आणि जो तुकडा एकदा जरी नीट वाचता आला तो बाजूला काढून ठेवायचा. असे तुकडे जोडून दुसऱ्या फ्लॉपीवर मूळचं काम उभं राहायचं.

वासंतीबाई चहा घेऊन आल्या आणि थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. "हे तर तुम्ही तांदूळ निवडताय," त्या म्हणाल्या.

प्रोग्रॅमचं नाव 'निवड' पडलं ते असं.

ज्याला हवा त्याने कोरी फ्लॉपी आणावी आणि निवड घेऊन जावा, असा खांबेट्यांचा रिवाज होता. कारखान्यातल्या दोघांनी नेला, त्यांच्या मेव्हण्यांनी नेला, मेव्हण्यांच्या कचेरीत तो पसरला. खांबेटे प्रोग्रॅमबरोबर त्याची सगळी मूळ लिखावटही देत, म्हणजे कुणालाही तो उघडून बदलता यावा. कारण साधं होतं. आपलं कुठेतरी चुकलं असणार याबद्दल त्यांना खात्री होती. प्रोग्रॅम सुरू झाला की वर एकच ओळ येई, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत: चुका असतील, दुरुस्त करून घ्याव्यात. खाली आणखी एक सूचना होती, की कामाच्या दोन प्रती ठेवाव्यात. नाव नाही, गाव नाही.

वर्षभराने ते अप्पा बळवंत चौकाजवळच्या केदारच्या दुकानात कोऱ्या फ्लॉप्या आणायला गेले. तिथे एक गिऱ्हाईक रडकुंडीला आलं होतं. केदारने ड्रॉवरमधून एक फ्लॉपी काढून त्याच्यापुढे टाकली.

"निवड. न्या आणि चालवा. वाचलं तर वाचलं."

मग तो खांबेट्यांकडे वळला. "तुम्हालाही देऊ? फुकट आहे."

"नको," खांबेटे म्हणाले. "कुणी केलाय?"

"कुणास ठाऊक. नाव घातलेलं नाही. एक तर फार मोठा माणूस असणार, नाही तर साहेबाला घाबरणारा. आणि वर लिहिलंय काय, तर चुका असतील, दुरुस्त करून घ्याव्यात! पुण्यातला माणूस असं लिहील? बाहेरगावचाच असणार."

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा वासंतीबाई खूप हसल्या. "आणि तुम्ही काय केलंत?"

"फ्लॉप्या घेतल्या आणि आलो."

त्याच पावसाळ्यात एका रविवारी दारात एक अनोळखी गृहस्थ उभे राहिले. उंच, सावळे, हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी.

"निवड करनारे खांबेटे साहेब तुमीच न?"

खांबेटे गडबडले. "हो. पण तुम्हाला कसं..."

"मी हिंमतराव तायडे. अचलपूरचा. पोस्टमास्तर होतो. आता पोराजवळ विश्रांतवाडीले राहतो." ते आत येऊन बसले आणि पाणी पिऊन झाल्यावर सांगू लागले. "मले निवड तेजसच्या, म्हंजे माह्या पोराच्या हापिसातल्या एकानं देल्ला. त्याले विचारलं, तुले कोनं देल्ला? त्यानं सांगतलं त्याच्याकडे गेलो. त्याले विचारलं, तुले कोनं देल्ला? अस्सा मांगं मांगं येत गेलो. बिनपत्त्याचं टपाल आमी असंच पोचवत होतो जी."

वासंतीबाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी विचारल्याशिवाय पोहे टाकले.

हिंमतरावांचं काम असं होतं. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई नवकंकरीच्या पट्टीच्या खेळाडू. फरशीवर खडूने एकात एक तीन चौकोन आखायचे, दोघांनी नऊ नऊ खडे मांडायचे, आपले तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. अचलपूरला दुपारी त्यांच्या ओसरीवर बायकांचा हा खेळ रंगायचा. पुण्यात त्यांना जोडीदारच मिळेना. "इथं शेजारीन हासते आन् दार लोटून घेते," हिंमतराव म्हणाले. ते स्वतः खेळायला बसले की प्रत्येक डाव हरत, त्यात द्वारकाबाईंना काही गोडी नव्हती. म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाने मुलाच्या पुस्तकांवरून प्रोग्रॅम लिहायला शिकून घेतलं आणि नवकंकरी खेळणारा कॉम्प्युटर तयार केला. दोन पावसाळे त्यात गेले. खेळ चालू झाला, द्वारकाबाईंनी त्याला हरवलं, हिंमतरावांनी सुधारला, त्यांनी पुन्हा हरवलं. आणि मग एका ओल्या भिंतीने फ्लॉपी खाल्ली.

"दुसरी प्रत?" खांबेट्यांनी विचारलं.

"तुमची सूचना मांगाहून वाचली जी."

निवडने त्या फ्लॉपीतून कसाबसा एक तृतीयांश भाग काढला. बुरशी फार दाट होती. हिंमतराव पिशवीची घडी घालत बसले. तेव्हा खांबेट्यांच्या तोंडून असं वाक्य गेलं, जे ऐकून वासंतीबाईंनीही वर पाहिलं.

"मी दुसरा निवड करतो. याच्यापेक्षा चांगला. तुमची फ्लॉपी राहू दे इथे."

त्यानंतर रविवार दोघांचे झाले. हिंमतराव विश्रांतवाडीहून बस बदलून येत. एक जण लिहायचा, दुसरा बघायचा. दोघांच्यात अर्धा अर्धा तास एक शब्द होत नसे आणि दोघांनाही ते चालायचं. कॉम्प्युटरवरून भांडण झालंच तर ते वासंतीबाईंच्या पोह्यांत दाणे असावेत की नसावेत इथवर जाऊन थांबायचं.

पुढच्या उन्हाळ्यात हिंमतरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. खांबेटे भेटायला गेले तेव्हा तेजसने बाहेर नेऊन सांगितलं, "काका, डॉक्टर म्हणतात इम्प्रूव्ह होतील. पण तो गेम पुन्हा पहिल्यापासून लिहिणं आता बाबांच्याने होणार नाही. ते सारखं तुमच्या प्रोग्रॅमचंच विचारतात."

खाटेवरून हिंमतरावांनी एकेक शब्द जुळवून विचारलं, "तेवढं... होईन न जी?"

"दिवाळीच्या आत," खांबेटे म्हणाले.

भाद्रपद संपता संपता दुसरा निवड बराचसा उभा राहिला. आपल्याच सूचनेप्रमाणे खांबेट्यांनी त्याच्या दोन प्रती केल्या होत्या. दोन्ही एकाच डब्यात होत्या.

नवरात्रात एकदा चहा पिताना वासंतीबाईंनी विचारलं, "अहो, खंडेनवमीला दरवर्षी मी त्या पडद्याच्या डोक्यावर कुंकू लावते. पण तुमचं खरं हत्यार कोणतं त्यातलं?"

खांबेट्यांना कुणी काही विचारलं की ते मनापासून विचार करून उत्तर देत. "यंत्र काय, कुणाचंही असतं," ते म्हणाले. "त्यात माझे कष्ट नाहीत. जे काही केलंय ते फ्लॉपीत आहे." आणि ते पुन्हा चहाकडे वळले.

खंडेनवमीला कारखान्यात मोठी पूजा असते. झेंडूच्या माळा घातलेली यंत्रं, पेढे, साहेबांचं भाषण. खांबेटे मागे उभे राहिले आणि दुपारी घरी आले. दिवाणखान्यात पाटावर स्वच्छ वस्त्र घातलं होतं. त्यावर वासंतीबाईंचा पृथ्वीचा गोल, नकाशाचं होकायंत्र, खांबेट्यांचे आरेखनाचे त्रिकोण, विळी, शिवणाची कात्री, आणि मधोमध, मानाच्या जागी, पंख्यासारख्या उलगडून ठेवलेल्या सगळ्या फ्लॉप्या. प्रत्येक फ्लॉपी कागदी पाकिटातून बाहेर काढलेली होती. प्रत्येकीच्या खिडकीत, त्या तपकिरी तुकतुकीत फिल्मवर, अनामिकेने काढलेलं ओल्या कुंकवाचं छोटं सुबक स्वस्तिक होतं. वर हळद, अक्षता, झेंडूची पाकळी.

"नीट मांडलंय ना?" वासंतीबाई पदराला हात पुसत आल्या. "पाकिटातून काढल्या. पाकिटाची काय पूजा करायची? डब्यातल्या सगळ्या घेतल्या, फक्त हिंमतरावांची ती फळीवर ठेवलीय. दुसऱ्याचं हत्यार आपण कसं पुजायचं?"

खांबेट्यांनी पाहिलं. पहिला निवड होता. दुसरा निवड होता. दुसऱ्या निवडची दुसरी प्रत होती. यंत्राच्या तोंडातच राहून गेलेली, यंत्र सुरू करायची फ्लॉपी तेवढी वाचली होती.

"छान झालीय पूजा," ते म्हणाले आणि वाकून नमस्कार केला.

पूजेला लावलेली हत्यारं त्या दिवशी उचलायची नसतात. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली की मगच हात लावायचा. खांबेट्यांनी ती रीत मोडली असती, तर कारण सांगावं लागलं असतं. त्यांनी मोडली नाही. श्रीखंड खाल्लं, पेपर वाचला, गॅलरीत बसून राहिले. ओलं कुंकू आत वाळत असणार हे त्यांना दिसत होतं. पण त्यांना जास्त टोचत होतं ते वेगळंच. दुःखाच्या खाली, अगदी तळाशी, त्यांना थोडं हायसं वाटत होतं. दुसरा निवड चालला नसता तर? आता कुणी विचारणार नाही. हिंमतरावांना सांगायला कारण मिळालं, आणि तेही असं, की कुणी दोष देणार नाही. हा विचार मनात आलेला पाहून खांबेट्यांनी पेपर पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

"आज खोलीत गेला नाहीत ते?" वासंतीबाईंनी विचारलं.

"आज हत्यारं उचलायची नसतात ना."

दसऱ्याला सकाळी वासंतीबाईंनी पाटावर अक्षता वाहिल्या आणि त्या फुलं गोळा करायला आत गेल्या. खांबेट्यांनी पहिल्या निवडची फ्लॉपी उचलली आणि गॅलरीत नेऊन रुमालाने घासायला सुरुवात केली. कुंकू निघालं, पण फिल्मवर बारीक ओरखडे उमटले.

"ते काय करताय?" मागून आवाज आला.

खांबेटे दचकले. "या खिडकीत बोट लावायचं नसतं," ते म्हणाले.

वासंतीबाईंनी फ्लॉपीकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं आणि त्या स्टुलावर बसल्या. "हिंमतरावांचं काम?"

"दुसरा निवड गेला तर तेही गेलं."

"काल का नाही सांगितलंत?"

"तू इतक्या मनापासून केली होतीस."

"मनापासून केलेल्या चुकीला चूक म्हणत नाहीत का तुमच्यात?" वासंतीबाईंचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "आणि तो रुमाल ठेवा आधी. वाळलेलं कुंकू कुणी कोरडं घासतं? माझ्या पैठणीवर सांडलं असतं तर मी तुम्हाला जवळसुद्धा येऊ दिलं नसतं. रेशीम आम्ही रिठ्याच्या पाण्यात धुतो."

"पाण्यात? फ्लॉपी?"

"मला विचारू नका. मला रेशमाचं माहीत आहे, तुमच्या या चकतीचं नाही."

खांबेटे विचार करू लागले. ऑफिसात ते ज्या फिल्मवर नकाशे काढत, तिच्यावर चहा सांडला तर ती ओल्या फडक्याने पुसत. रेघ जात नसे. ही चकतीही तसल्याच जातीची असावी. असावी, एवढंच. पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं.

रिठे गरम पाण्यात भिजले, फेस आला, पाणी निवलं. खांबेट्यांनी ट्रेसिंगवरची शाई खरवडायचं आपलं ब्लेड काढलं आणि काळ्या घडीची एक कड उसवली. आतून कांद्याच्या पापुद्र्यासारखी चकती निघाली. वासंतीबाईंनी ती कडेला दोन बोटांनी धरली आणि परातीतल्या पाण्यात आडवी सोडली. त्या काही घासत नव्हत्या, नुसतं पाणी हलवत होत्या. पाणी आधी गुलाबी झालं, मग पिवळट. उकळून गार केलेल्या पाण्यातून चकती दोनदा काढून त्यांनी ती मलमलीवर सावलीत पसरली. मग दुसरी प्रत. दोघंही एकाच परातीवर वाकून काम करत होते, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन असं एकत्र काम त्यांनी पहिल्यांदाच केलं असावं.

चकत्या घालायला नव्या घड्या हव्या होत्या. शिवाय धुतलेल्या चकत्या तपासायला पहिला निवड हवा होता, आणि तो तर खांबेट्यांनी रुमालाने घासून संपवला होता. म्हणून दसऱ्याच्या गर्दीतून ते अप्पा बळवंत चौकात गेले. केदारच्या दुकानाला तोरण होतं.

"कोऱ्या फ्लॉप्या द्या. आणि तो... निवड आहे का?"

केदारने चष्म्यावरून पाहिलं. "मागे देत होतो तेव्हा नको म्हणालात."

"आता गरज पडली."

"सगळ्यांना पडते. चालवता येईल ना? वर सूचना आहेत त्या वाचा. लोकांना वाचायचा कंटाळा."

"वाचतो," खांबेटे म्हणाले.

घरी येऊन त्यांनी प्रोग्रॅम सुरू केला आणि ते खुर्चीत मागे टेकले. त्यांची ओळ वर होती, चुका असतील, दुरुस्त करून घ्याव्यात. पण तिच्याखाली आता आणखी ओळी होत्या. सांगलीच्या कुणीतरी लिहिलं होतं, यंत्र तापू नये म्हणून मध्ये विसावा घातला आहे. नाशिकच्या माणसाने मोजणीतली चूक काढली होती, आणि ती खरोखरच चूक होती. नागपूरहून कुणी तुकडे जोडायची अशी युक्ती घातली होती, जी खांबेट्यांना सुचलीच नव्हती. कुणीही आपलं नाव लिहिलेलं नव्हतं. फक्त गाव.

"काय झालं?" वासंतीबाईंनी विचारलं.

"लोकांनी दुरुस्त करून घेतलाय," खांबेटे म्हणाले. आणि ते लगेच कामाला लागले.

दुसऱ्या निवडच्या दोन्ही प्रती खराब होत्या, पण वासंतीबाईंची दोन स्वस्तिकं काही अगदी एकाच जागी पडली नव्हती. एका चकतीवर जे गेलं होतं ते बहुतेक दुसरीवर शिल्लक होतं. नागपूरकरांच्या युक्तीने तुकडे सांधले गेले. दोन जागा तरीही रिकाम्या राहिल्या. त्या खांबेट्यांनी आठवणीतून लिहिल्या, आणि लिहिताना लक्षात आलं की पूर्वीपेक्षा बऱ्या लिहिल्या गेल्या आहेत.

संध्याकाळी आपट्याची पानं देऊन सोनं लुटायला दोघं विश्रांतवाडीला गेले. वासंतीबाईंच्या पिशवीत पानांशेजारी रिठ्यांची पुडी होती, खांबेट्यांच्या पिशवीत हिंमतरावांची फ्लॉपी, दुसरा निवड आणि काही कोऱ्या फ्लॉप्या.

हिंमतराव खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला. द्वारकाबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. खांबेट्यांनी घडलेलं सगळं सांगितलं, कुंकवापासून. द्वारकाबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या तेव्हा वासंतीबाईही हसल्या.

"आता विचारायचंय ते असं," खांबेटे म्हणाले. "तुमच्या फ्लॉपीवर बुरशी आहे. मी इतके दिवस बुरशीच्या आडून वाचायला बघत होतो. ती धुताही येईल. पण घडी उसवावी लागेल. आमचं कुंकू कालचं होतं, तुमची बुरशी वर्षाची आहे. चकतीचा वरचा थर निघाला तर सगळं जाईल. आत्ता निदान थोडं तरी आहे."

हिंमतरावांनी पत्नीकडे पाहिलं.

"माह्याकडे काय पाहता?" द्वारकाबाई म्हणाल्या. "डबीत ठेवून काय लोनचं घालायचं हाये? धुवा जी तुमी. मी पानी ठेवतो."

चकती या वेळी वासंतीबाईंच्या हातात नव्हती. द्वारकाबाईंनीच ती धरली. पुढे निवडच्या वरच्या ओळींत आणखी एक भर पडली ती या संध्याकाळची: बुरशी असल्यास चकती आधी रिठ्याच्या पाण्यात धुवावी, घासू नये. बिबवेवाडी आणि विश्रांतवाडी. केदारने ती वाचली तेव्हा "आता प्रोग्रॅमबरोबर रिठेही ठेवायचे का दुकानात?" असं तो म्हणाला, आणि खांबेट्यांनी सांगितलं की शिकेकाई चालणार नाही.

चकती सुकेपर्यंत जेवणं झाली. तेजसने ऑफिसातून आणलेला कॉम्प्युटर पुढच्या खोलीत होता. खांबेट्यांनी दुसरा निवड सुरू केला आणि ते उठून उभे राहिले, कारण बसवेना. यंत्र कुरकुरत होतं. पडद्यावर मिळालेला तुकडा ठिपक्याने दिसे, न मिळालेला रिकामा. ठिपके भरत गेले. मध्ये एकदा बराच वेळ काहीच झालं नाही आणि खांबेट्यांनी सवयीने म्हटलं, "माझंच कुठेतरी चुकलं असणार."

"थांबा... जी," हिंमतराव म्हणाले. "धीर धरा."

मग ठिपके पुन्हा चालू झाले. शेवटी एक जागा उरली. ती काही केल्या भरली नाही. तेवढा भाग सोडून तेजसने खेळ सुरू केला आणि पडद्यावर नवकंकरीचे तीन चौकोन उमटले.

द्वारकाबाई पुढे सरसावून बसल्या. त्या सांगत, तेजस बटणं दाबी. यंत्र चांगलं खेळत होतं. त्याने दोनदा त्यांची वाट अडवली. "शानं हाये," त्या म्हणाल्या. मग यंत्राचे तीन खडे एका ओळीत आले. सगळे पाहत राहिले. यंत्राने त्यांचा खडा उचललाच नाही, मुकाट्याने पुढची खेळी केली.

"असं काहून? मले काय भिते का?"

हरवलेला तुकडा तो होता. तीन जुळले की समोरच्याचा खडा उचलायचा, एवढंच यंत्र विसरलं होतं.

खांबेट्यांना तो भाग लिहायला फारसा वेळ लागला नसता. ते खुर्चीकडे वळलेही. पण हिंमतरावांची खुर्ची तोवर टेबलाजवळ सरकली होती. त्यांचा डावा हात वर आला, हवेत थोडा चाचपडला आणि बटणांवर टेकला.

"तेवढं... मी लिहीन," ते म्हणाले.

खांबेट्यांनी हात मागे घेतला. "सावकाश लिहा," ते म्हणाले. "रविवारी आता मी इकडे येत जाईन."

"मंग शिकवा त्याले लवकर," द्वारकाबाई म्हणाल्या आणि फरशीवर मांडी ठोकून बसल्या. "मी बसली हाये."

हिंमतरावांनी एका बोटाने पहिलं अक्षर दाबलं. खांबेट्यांनी पिशवीतून एक कोरी फ्लॉपी काढली आणि दुसऱ्या प्रतीसाठी त्यांच्यापुढे ठेवली.